शकरखोऱ्याची साखर

फेब्रुवारी-मार्च उजाडला की आमच्या शाळेच्या आवारातल्या जास्वंदीवर एक चिमुकला पक्षी येऊ लागतो. मधल्या सुटीत कोणी ना कोणी मूल धावत येऊन सांगते, "टीचर, हमिंगबर्ड आला!" पालकांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओही आम्हाला येतात. पक्षी बोटाएवढा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा, चोच बारीक आणि वाकडी. तो असतो शिंजीर. इंग्रजीत त्याला सनबर्ड म्हणतात आणि आपल्या उर्दूत त्याचे नाव फार गोड आहे: शकरखोरा, म्हणजे साखर खाणारा. हमिंगबर्ड मात्र तो नव्हे.

हमिंगबर्ड आपल्या कोकणात नाही, भारतात नाही. आशिया, आफ्रिका, युरोप यांपैकी कुठल्याही खंडातल्या रानात तो आज दिसत नाही. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत, अलास्कापासून थेट चिलीच्या टोकापर्यंत. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांची घराणी वेगळी. दोघांचा धंदा एकच, फुलातला रस पिण्याचा, म्हणून चोची सारख्या झाल्या. शिंजीर बहुतेक वेळा देठावर बसून रस पितो. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत एका जागी थांबतो, आणि पिऊन झाले की मागच्या मागे उडतो.

हे सांगितले की मुले हिरमुसतात. "मग खरा हमिंगबर्ड तुम्ही पाहिलाय का?" असा प्रश्न येतो. मागच्या उन्हाळ्यापर्यंत आमचे उत्तर 'नाही' असे होते. आता ते 'हो' असे आहे, आणि या वेळचा लेख त्याच 'हो'चा आहे. पण त्यात पक्ष्यांइतक्याच आमच्या खालाही आहेत.

खालांचे ट्यूसन

आमच्या खाला मूळच्या चिपळूणच्या. सारे आयुष्य त्या घरात गेले. दार सकाळी उघडायचे ते रात्री इशाच्या नमाजनंतरच लागायचे. मासेवाली, दूधवाला, शेजारच्या मुली, सिपारा शिकायला येणारी पोरे, कोणीही यावे आणि पडवीत बसावे. खालू गेले आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाईजानने, त्यांना अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या ट्यूसन शहरात आपल्याकडे नेले. मुलगा चांगला, सून चांगली, नातवंडे लाघवी. कसलीच उणीव नाही.

मागच्या मे महिन्यात सुटी लागल्यावर आम्ही दोघे तिकडे गेलो. पहिल्या आठवड्यातच लक्षात आले की खाला कमी बोलतात. सकाळी आठला सगळे बाहेर पडायचे आणि घर दुपारी चारपर्यंत सुने. बाहेर चाळीसच्या वर ऊन, खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसीचा आवाज. रस्त्यावर माणूस दिसत नाही. तिकडचे लोक गाडी गॅरेजमध्ये घालतात आणि गॅरेजमधूनच आत जातात, शेजाऱ्याचे तोंड दिसायचा प्रसंग येत नाही. "तीन वर्षांत या दाराची कडी कोणी वाजवली नाही, पार्सलवाल्याशिवाय," खाला एकदा म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसती माहिती दिल्यासारखे म्हणाल्या. आम्हाला ते जास्त लागले.

भाईजानने त्यांना मॉल दाखवले होते, मोठी धरणे आणि दऱ्या दाखवल्या होत्या. त्या सगळीकडे गेल्या आणि सगळीकडे "छान आहे" म्हणाल्या. एका शनिवारी फजरनंतर भाईजान म्हणाला, "चला, आज पक्षी बघायला जाऊ. लांब नाही, शंभरेक किलोमीटर."

उघड्या फाटकाचे अंगण

पॅटागोनिया हे त्या गावाचे नाव. वस्ती हजाराच्या आतबाहेर. मेक्सिकोची सरहद्द तिथून तीसेक किलोमीटरवर. गाव ट्यूसनपेक्षा उंचावर असल्याने हवा जरा सुसह्य. गावाच्या कडेला एक साधे बैठे घर आणि त्यामागे झाडाझुडपांचे अंगण. फाटक उघडे. तिकीट नाही, नाव लिहून घेणे नाही, कोण कुठले अशी विचारणा नाही. अंगणात मांडवाची सावली, खाली बाक, आणि समोर घराच्या वळचणीला व झाडांना टांगलेली साखरपाण्याची भांडी. यांना तिकडे फीडर म्हणतात. काचेची किंवा प्लॅस्टिकची बाटली, खाली लाल तबकडी, तबकडीत फुलासारखी भोके.

आम्ही बसलो आणि मिनिटभरात कानाजवळून भुंगा गेल्यासारखा आवाज आला. तो भुंगा नव्हता. इंग्रजीत 'हम' म्हणजे गुणगुण, म्हणून त्याचे नाव हमिंगबर्ड. ती गुणगुण गळ्यातून येत नाही, पंखांची असते. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात, त्यामुळे ते दिसतच नाहीत. दिसतो तो फक्त हवेत टांगल्यासारखा जीव. वजन तीन-चार ग्रॅम. खालांनी विचारले, "म्हणजे किती?" आम्ही हिशेब करून सांगितले, "चमचाभर साखरेएवढे." त्या हसल्या. किती दिवसांनी!

तासाभरात चार जाती दिसल्या. सर्वांत जास्त होता तो रुंद चोचीचा: अंग गर्द हिरवे, गळा निळा, चोच लाल आणि टोकाला काळी. दुसरा काळ्या गळ्याचा. ऊन योग्य कोनातून पडले की त्या काळ्याच्या खाली जांभळी पट्टी पेटल्यासारखी दिसे. तिसरा ॲना नावाचा, त्याचे डोके आणि गळा गुलाबी. हा रंग पिसांत रंगद्रव्य असल्यामुळे दिसत नाही. पिसांच्या बारीक रचनेवरून प्रकाश परततो, त्यामुळे तो दिसतो. म्हणून पक्ष्याने मान वळवली की गुलाबीचा काळा होतो आणि पुन्हा वळवली की गुलाबी. आणि चौथा, ज्याच्यासाठी लोक लांबून या अंगणात येतात तो: जांभळ्या माथ्याचा, पोट आणि गळा स्वच्छ पांढरा, चोच लाल. हा मुख्यतः मेक्सिकोचा पक्षी. अमेरिकेत तो मोजक्याच जागी दिसतो, आणि या अंगणात हमखास.

मोठ्या दुर्बिणी घेतलेले दहा-बारा लोक बाकांवर होते. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण पक्षी आला की बोट दाखवतात, शेजाऱ्याला ढोसतात. खालांच्या शेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आपली दुर्बीण गळ्यातून काढून सरळ खालांच्या हातात दिली. खालांना इंग्रजी येत नाही, त्या बाईंना उर्दू-मराठीची गंधवार्ता नाही. पुढचा अर्धा तास दोघी बोलत होत्या.

एकास चार

खालांना पक्ष्याइतकाच रस त्या बाटलीत होता. "यात काय घालतात? मध? गूळ? रूहअफजा?" आम्ही विचारून घ्यायच्या आत त्यांनी शेजारच्या बाईंना खुणेने विचारले. बाईंनी आधी एक बोट दाखवले आणि पिशवीतली साखरेची पुडी दाखवली, मग चार बोटे दाखवून पाण्याची बाटली. एक भाग साखर, चार भाग पाणी. बस्स.

ज्या वाचकांची मुलेबाळे तिकडे आहेत त्यांच्या उपयोगाचे म्हणून बाकीचेही लिहितो. साखर साधी पांढरीच हवी. मध घालू नये, त्यात बुरशी लवकर धरते. गूळ किंवा तपकिरी साखर नको, त्यातले लोह या पक्ष्यांना बाधते. गोडीच्या गोळ्या तर मुळीच नकोत, त्यांत पोटाला आधार नाही. पाण्यात रंग घालायची गरज नाही, बाटलीचा लाल भाग पुरतो. उन्हाळ्यात हे पाणी दर एक-दोन दिवसांनी फेकून भांडे गरम पाण्याने आणि ब्रशने घासावे. पाणी गढूळ दिसू लागले म्हणजे आधीच उशीर झाला. भांडे सावलीत टांगावे. मुंग्या येऊ नयेत म्हणून फीडरच्या वर, दोरीलाच, पाण्याची एक वाटी अडकवतात. ती वाटी पाहून खाला एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या जाळीच्या कपाटाचं!" जुन्या घरांत दूध-सालन ठेवायच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, ते आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. चिपळूणची युक्ती इथे उलटी टांगलेली होती.

एवढ्या गोडाची त्या जिवाला गरज का? उडताना त्याचे हृदय मिनिटाला हजारावर ठोके देते. तो दिवसभर काही मिनिटांच्या अंतराने पीत राहतो. रात्री पिणे बंद, मग गारठ्याच्या रात्री शरीर जवळजवळ विझवून ठेवतो: अंग थंड पडते, ठोके पन्नासच्या आसपास येतात, आणि पहाटे पुन्हा पेटतो. त्याची जीभ टोकाला दुभंगलेली असते. ती नळीसारखी रस वर ओढते असे दीडशे-पावणेदोनशे वर्षे मानले जात होते. 2011 मध्ये रिको-ग्वेवारा आणि रुबेगा या दोन संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवले की जिभेची टोके रसात उघडतात आणि बाहेर येताना मिटून रस पकडतात. हे सारे सेकंदात दहा-पंधरा वेळा होते. आम्ही हे खालांना समजावून सांगितले. त्या "सुब्हानल्लाह" म्हणाल्या आणि मग आपल्या दादीच्या तोंडची उर्दू म्हण म्हणाल्या: "शकरखोरे को ख़ुदा शकर ही देता है."

साखर खाणाऱ्याला अल्लाह साखर देतोच. म्हण आम्ही लहानपणापासून ऐकली आहे, वर्गात शिकवलीही आहे. त्या बाकावर बसून मात्र प्रश्न पडला की या अंगणात ती साखर ढवळतो कोण?

पेटन पती-पत्नी

उत्तर फाटकापाशीच होते. 1973 साली वॉली आणि मॅरियन पेटन हे जोडपे या घरात राहायला आले. त्यांनी फुलझाडे लावली, हमिंगबर्डसाठी साखरपाणी टांगले. पक्षी आले, आणि पक्ष्यांच्या मागे माणसे. लोक कुंपणाबाहेर उभे राहून माना उंचावून आत बघू लागले. आपल्या अंगणात अनोळखी माणसे डोकावू लागली तर बहुतेक माणसे कुंपण उंच करतात. पेटन जोडप्याने त्यांना आत बोलावले. बाक टाकले, सावली केली, पक्ष्यांची पुस्तके ठेवली, कोणता पक्षी दिसला ते लिहायला फळा लावला. कोणी पैसे देऊ केले तर कुंपणाला एक डबा अडकवलेला होता. त्यावर 'शुगर फंड' लिहिलेले, म्हणजे साखरेचा निधी. द्यायचे त्याने द्यावे.

अशी कित्येक वर्षे गेली. 2001 मध्ये वॉली वारले. मॅरियन यांनी एकटीने फाटक उघडे ठेवले. 2009 मध्ये त्याही गेल्या. घरच्या लोकांनी काही काळ ते तसेच चालू ठेवले, पण रिकामे घर किती दिवस सांभाळणार? घर विकायचे ठरले तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. ती खासगी जागा होती. नव्या मालकाने फाटक लावून घेतले असते तर त्याला कोणी बोल लावू शकले नसते. तेव्हा या बाकांवर कधी काळी बसून गेलेल्या लोकांकडे मदत मागितली गेली. ट्यूसन ऑडुबॉन सोसायटी, अमेरिकन बर्ड कंझर्व्हन्सी आणि पक्षी-सहली काढणारी व्हिक्टर इमॅन्युएल नेचर टूर्स यांनी मिळून निधी उभा केला, आणि 2014 मध्ये घर ट्यूसन ऑडुबॉनच्या ताब्यात आले. आज तिथे 'पेटन सेंटर फॉर हमिंगबर्ड्स' अशी पाटी आहे. या छोट्या जागेत आजवर दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. साखरेचा डबा अजून आहे. खालांनी त्यात नातवाच्या हातून नोट टाकली.

नुसत्या साखरेवर पक्षी जगत नाही, हेही सांगायला हवे. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की सोनोइटा ओढ्याकाठचे राखीव रान लागते. नेचर कंझर्व्हन्सी या संस्थेने 1966 मध्ये ते राखायला घेतले, ॲरिझोनातले त्यांचे ते पहिलेच काम. उंच कॉटनवुडची झाडे, विलो, आणि वाळवंटात न आटणारे पाणी. हमिंगबर्डला प्रथिने लागतात आणि ती मिळतात चिलटे, कोळी, बारीक किडे यांतून. ते ओढ्याकाठी मिळतात, बाटलीत नाही. मादी कोळ्याचे जाळे आणि झाडांचा कापूस गुंफून अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढे घरटे बांधते. कोळ्याच्या धाग्यांमुळे पिल्ले वाढतील तसे घरटे ताणते. अंडी दोन. नर घरट्याकडे फिरकत नाही. बांधणे, उबवणे, भरवणे सारे तिचे एकटीचे. हे ऐकून खाला ओढ्याकडे बघत बराच वेळ गप्प होत्या. आमची मावसबहीण आठ वर्षांची आणि भाईजान चार वर्षांचा असताना खालू सौदीला होते, दहा वर्षे.

परतताना रस्त्यावर तपासणी नाका लागला. सरहद्द जवळ असल्याने तिथे गाड्या थांबवतात. वर्दीतल्या तरुणाने कागद विचारले, पाहिले, "प्रवास सुखाचा होवो" म्हणाला. त्याचे ते कामच होते. पण गाडी सुटल्यावर आम्ही सगळे थोडा वेळ गप्प होतो. मग मागच्या सीटवरून खाला म्हणाल्या, "त्या बाईच्या अंगणात कोणी काही विचारलं नाही, नाही का?"

खिडकीतली बाटली

दुसऱ्या दिवशी खालांनी स्वतःहून काहीतरी मागितले. तीन वर्षांत पहिल्यांदा, असे वहिनी म्हणाल्या. त्यांना एक फीडर हवा होता. तो आला, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सावलीत टांगला गेला, वर मुंग्यांची वाटी. खालांनी साखर मापून घातली, एकास चार. आणि काहीच झाले नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दर दोन दिवसांनी न प्यालेले पाणी ओतायचे, बाटली घासायची, नवे भरायचे. नातू म्हणाला, "दादी, साखर वाया जातेय." त्या म्हणाल्या, "मेहमान उशिरा येतो म्हणून चुलीवरचं उतरवतात का?"

आमची परतीची तारीख जवळ आली तेव्हा, नवव्या दिवशी, पहाटे त्यांची हाक आली. खिडकीबाहेर ॲना होता. फिरला, थांबला, प्याला, मागे सरकून उडून गेला. खाला हात पुसत उभ्या. आम्ही काही बोललो नाही.

नंतरचे सारे फोनवरून कळले. ॲरिझोनातही पावसाळा असतो आणि तिकडचे लोक त्याला मान्सूनच म्हणतात. 15 जून ते 30 सप्टेंबर असा त्याचा अधिकृत काळ. हा शब्द मूळ अरबी 'मौसिम'. अरबी समुद्रातल्या खलाशांनी वाऱ्याच्या ऋतूला दिलेले नाव पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेले आणि तिथून साता समुद्रापार. आपल्या उर्दूत तो 'मौसम' झाला. खालांना हे सांगितले तेव्हा त्यांना गंमत वाटली. कोकणच्या किनाऱ्याला ज्या वाऱ्याने पाऊस येतो त्याचे नाव त्यांच्या आधीच तिथे जाऊन पोचले होते.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडला, रान फुलले आणि पक्ष्यांची गर्दी झाली. अलास्कापासून मेक्सिकोकडे परतणारे तांबूस हमिंगबर्ड याच वेळी जातात. ते फार भांडखोर. एकटा एक फीडर अडवून बसतो आणि बाकीच्यांना हाकलतो. खालांनी भाईजानला दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला टांगायला लावला. "भावाभावांची चूल वेगळी केली," असे आम्हाला कळवले.

सप्टेंबरमध्ये वेगळाच प्रकार. रात्री भरलेली बाटली सकाळी रिकामी. आधी वाटले बाटली गळते. मग नातवाने रात्री दिवा न लावता बघितले: वटवाघळे! दक्षिण ॲरिझोनात फुलांतला मध पिणारी वटवाघळे उन्हाळ्याअखेर येतात. त्यांतली एक जात 1988 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेली होती. तिची संख्या वाढली आणि 2018 मध्ये तिला यादीतून काढले. त्या यादीतून सुधारणेमुळे बाहेर आलेले अमेरिकेतले हे पहिले वटवाघूळ. ट्यूसनच्या अनेक घरांनी आपल्या फीडरवर त्यांची नोंद ठेवून शास्त्रज्ञांना मदत केली आहे. मादी-नर, साप-सुरवंट कशालाच न घाबरणाऱ्या खाला वटवाघळाला मात्र घाबरतात. दोन रात्री त्यांनी बाटल्या आत घेतल्या. तिसऱ्या रात्री बाहेरच ठेवल्या. "तोही शकरखोराच," म्हणाल्या. नातू आता रोज रात्री आणि सकाळी बाटलीतल्या पाण्याची रेघ वहीत लिहितो. दादी आकडा सांगते, मराठीत. त्याला एकपासून पन्नासपर्यंत मराठी आकडे येऊ लागले आहेत.

हिवाळ्यात बरेच हमिंगबर्ड दक्षिणेकडे जातात, पण ट्यूसनमध्ये ॲनासारख्या काही जाती थंडीतही राहतात. म्हणून खालांचे काम थांबले नाही. आणि याच कामामुळे डिसेंबरात पेच पडला. आमच्या बहिणीच्या मुलीचे लग्न चिपळूणला ठरले. खालांनी सहा आठवडे यावे असे सर्वांना वाटत होते. त्यांचा प्रश्न एकच: बाटली कोण भरणार? घरचेही सगळे लग्नाला निघालेले. वहिनींनी समजावले की फीडर रिकामा राहिला तर पक्षी उपाशी मरत नाहीत. त्यांची फुले आहेत, किडे आहेत, शेजारपाजारचे फीडर आहेत. हे खरेच आहे, आणि खालांनाही ते पटले होते. तरी एका संध्याकाळी त्यांनी ओढणी सावरली, बाटली आणि साखरेची पिशवी घेतली, आणि जाऊन शेजारच्या दाराची कडी वाजवली. तीन वर्षांत पहिल्यांदा. दार एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी उघडले. खालांनी आधी एक बोट दाखवले, मग चार.

खाला लग्नाला आल्या. पडवीत बसून सर्वांना पक्षी सांगितले. त्या गृहस्थांचा दर आठवड्याला भाईजानच्या मोबाईलवर बाटलीचा फोटो येत होता, भरलेल्या. परत गेल्यावर खालांनी त्यांना चिपळूणचे आंबापोळीचे पाकीट नेऊन दिले. आता ते अधूनमधून कडी वाजवतात.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे आईवडील मुलांकडे परदेशात आहेत, आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत. आपण त्यांना विचारतो की औषध घेतले का, हवा कशी आहे, कंटाळा तर येत नाही ना. त्यांना फिरवून आणतो. आमचे म्हणणे एवढेच की त्यांना बघायला काही देण्याबरोबर करायलाही काही द्यावे. असे काम, जे त्यांनी एक दिवस केले नाही तर कोणाला तरी कळेल. आयुष्यभर दहा माणसांचे ताट वाढलेल्या हातांना तुम्ही आराम करा म्हणणे प्रेमाचे आहे, पण तो आराम त्यांना जड जातो.

आणि इथे घरी असलेल्यांसाठी एक सूचना. अमेरिकन हमिंगबर्डचे लाल फीडर आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात, आणि हौसेने घेतले जातात. आपल्या दमट हवेत त्यांतले पाणी पटकन आंबते आणि मुंग्या तर विचारू नका. आपल्या शकरखोऱ्याला त्यांची गरज नाही. त्याला जास्वंदीचे एक झाड पुरते, कुंडीतले असले तरी. शेजारी मातीच्या पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. बदलायचे काम घरातल्या सर्वांत थोर किंवा सर्वांत लहान माणसाकडे द्यावे.